थुंकी खोडली, पाणी लिहिलं

मला आताशा माझ्याच अक्षराची किळस येते. कोसा केंद्रात नोकरीला असताना सगळे म्हणायचे, गुणवंतरावांचं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा. त्या अक्षरानं मी काय करून ठेवलं ते सांगतो. पण गोष्ट माझी नाही, सुकरीबाईची आहे.

सुकरीबाई कुरखेड्याच्या पल्याड, जंगलातल्या वस्तीत राहते. घराच्या मागं ऐनाची झाडं, त्यावर टसर रेशमाचा कोसा. हा कोसा भल्ला टणक असतो. मऊ केल्याशिवाय त्यातून सूत निघत नाही, म्हणून बाया तो सोड्यात उकळतात. सोड्यानं सुताचा रंग उडतो आणि ते मांडीवर वळता वळता बाईची कातडी सोलून निघते. सुकरीबाईचं सूत मात्र मधाच्या रंगाचं यायचं आणि तिच्या मांडीवर ओरखडा नसायचा. मी आरमोरीच्या कोसा केंद्रात सुपरवायझर होतो. हे कसं होतं ते बघायला २०११ साली मी तिच्या घरी गेलो.

दिवस कलला होता. आढ्याला कोशांच्या माळा टांगलेल्या. एका कोशाचं टोक ओलं झालं, आणि जरा वेळानं तिथून पाखरू, म्हणजे आतला पतंग, डोकं काढायला लागलं.

"त्याले दात नाईत," सुकरीबाई म्हणाली, "मंग थो बाहेर येन कसा? थुकते. थुकीनं कोसा मऊ होते."

ती पाखरांच्या तोंडाला कापसाचा बोळा लावायची, कोशांची ओली टोकं कापून घ्यायची, आणि ते सगळं मोहफुलांच्या घट्ट पाकात बुडवून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरायची. नुसती थुंकी दोन दिवसांत सडते, पाकातली आखाडापर्यंत टिकते, हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं. तुंबा उघडून तिनं माझ्या नाकाखाली धरला. वासानं मी रुमाल काढला. ती हसली.

"बाजारात आमी याले मोहाचं पानी म्हणतो," ती म्हणाली. "थुकी म्हटली त गिऱ्हाईक म्हणन उष्टं हाये. पूजेले नेसाचा कपडा ना थो. पन तुमी खरं लिवा, भाऊ. तुमचं पुस्तक गिऱ्हाईक थोडीच वाचते. माह्या मागं कोनाले तरी समजाले पाह्यजे."

मी हो म्हणालो. वहीत लिहिलंही, 'पाखराची थुंकी मोहाच्या पाकात.' मग केंद्राचं माहितीपत्रक छापायला द्यायची वेळ आली तेव्हा मी खुर्चीत बसून विचार केला, की साहेब वाचतील, पाहुणे वाचतील, आणि सरकारी कागदावर थुंकी? घाण दिसतं. मी ती ओळ खोडली आणि वर सुंदर अक्षरात लिहिलं, 'मोहाचं पाणी.' तसंच छापलं आणि आसपासच्या दोन जिल्ह्यांत वाटलं. सुकरीबाईलाही एक प्रत दिली. तिला वाचता येत नाही. तिनं ती देवाजवळ ठेवली.

दहा वर्षांनी एका कंपनीनं पेटंट मागितलं. कंपनीची दोन चकचकीत पोरं मधल्या काळात सुकरीबाईकडे चहा पिऊन गेली होती, तुंब्याचे फोटो काढून गेली होती. तिनं त्यांना मोहफुलांचा लाडूही खाऊ घातला. मला हे कळलं तेव्हा अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

आरमोरीची दीपिका नागपुरात वकिली करते. तिनं मला अर्ज वाचून समजावला. कंपनीनं दोन गोष्टी मागितल्या होत्या. पहिली, पाखराच्या थुंकीतलं कोसा मऊ करणारं एंझाइम, पण त्याची एक कडी प्रयोगशाळेत बदललेली, म्हणजे ते गरमीत लवकर बिघडत नाही.

"ते त्यांचं त्यांना राहू द्या," दीपिका म्हणाली. "पण दुसरी मागणी बघा. असलं कुठलंही एंझाइम, बदललेलं किंवा मूळचं, मोहफुलांच्या साखरेत टिकवून ठेवायची रीत. हे मंजूर झालं तर सुकरीबाईचा तुंबा कंपनीचा होतो. मात्र अर्जाच्या आधी कुणी ही रीत छापलेली असेल, तर मागणी पडते."

माझी छाती फुगली. म्हटलं, छापलंय ना, मीच छापलंय. ट्रंक उघडली, पत्रक काढलं, आणि दीपिकासमोर मोठ्यानं वाचायला गेलो. 'मोहाचं पाणी' इथं माझी जीभ अडकली.

"यात एंझाइम कुठं आहे, काका?" तिनं विचारलं. "ही तर नुसती साखर झाली."

मी वही दाखवली. खोडलेल्या रेघेखालून थुंकी स्पष्ट दिसत होती. तिनं मान हलवली. ट्रंकेतल्या वहीतला शब्द लोकांपुढे आलाच नव्हता, म्हणून तो धरत नाहीत. एक वाट उरली होती. वस्तीचं तोंडी ज्ञानही कायद्यात चालतं, तर बायांनी शपथेवर सांगायचं, की आम्ही थुंकी वापरतो.

मी घरोघर फिरलो. बाया नको म्हणायच्या. एक म्हणाली, "भाऊ, कागदावर उष्टं म्हणून आलं त आमचं सूत कोन घेईन?" ज्या भीतीनं मी लिहिलं नाही, तीच भीती होती ती. एकटी सुकरीबाई तयार झाली.

पेटंट कचेरीत आम्ही घेतलेल्या हरकतीची सुनावणी लॅपटॉपवर झाली, दीपिकाच्या आरमोरीच्या घरी. सुकरीबाई नवं लुगडं नेसून, तुंबा मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सगळं सांगितलं. पाखरू, बोळा, पाक, सासू. मग कंपनीच्या वकिलानं एक कागद पडद्यावर धरला. माझं पत्रक.

"यांच्याच केंद्राचं आहे," तो म्हणाला. "थुंकीचा उल्लेखही नाही."

मी उठून म्हणालो, की तो शब्द मी बदलला. तो सभ्यपणे हसला. त्या हसण्याची शिसारी अजून जात नाही.

"तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?"

सुकरीबाई माझ्याकडे बघत होती. पत्रकात काय होतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मागणी मंजूर झाली. एका बाईच्या शब्दापेक्षा छापील कागद वजनदार ठरला. अपील करू, असं दीपिका म्हणते. करू. पण केंद्रानं फळ्यावर लिहून टाकलंय, की घरच्या पाण्यात मऊ केलेलं सूत घेणार नाही, कंपनीचीच बाटली वापरावी. आणि उष्टं म्हणतील म्हणून ज्यांची भीती होती, तेच पूजेच्या कापडाचे व्यापारी ते बाटलीचं सूत हसत हसत उचलतात.

परवा मी पेन्शनच्या कामानं केंद्रावर गेलो होतो, तिथं सुकरीबाई आली. तुंबा नव्हता. बाटली घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"वाचून दाखवा, भाऊ. जसं हाये तसं."

बाटलीवर पंख पसरलेल्या पाखराचं चित्र होतं. खाली मोठ्या सोनेरी अक्षरात छापलेलं. मी वाचलं, "शुद्ध नैसर्गिक लाळ, मोहफुलांच्या अर्कात."

"लाळ मंजे?"

"थुंकी," मी म्हणालो.

तिनं बाटली पदरानं पुसली आणि पिशवीत ठेवली.

"त्यायले लिवाले लाज नाई वाटली," ती म्हणाली. "तुमाले काऊन वाटली होती, भाऊ?"