गोलच्या तोंडाशी लिहिलेलं नाव

“त्याच्यावर निळा रंग मारून टाक,” ब्रॅड म्हणाला. “उद्याच्या मॅचला ते नाव दिसता कामा नये.”

आम्ही दोघं रिकाम्या रिंकवर, गोलच्या जाळीसमोर उभे होतो. तिथल्या बर्फात, निळ्या रंगावर, काळ्या थरथरत्या अक्षरांत एक नाव लिहिलेलं होतं. वॉल्टर.

ब्रॅड आमच्या आइस हॉकी टीमचा मार्केटिंगचा व्हीपी. मी रिंकचा रेफ्रिजरेशन इंजिनिअर. खेळाडू ज्या बर्फावर खेळतात तो बनवणं आणि टिकवणं हे माझं काम. मूळचा नागपूरचा, राहायला ईडन प्रेरीत. आडनाव रामटेके. मिनेसोटात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याचे दोन तुकडे झाले आणि पुढचा तेवढा शिल्लक राहिला. मी आंबेडकरी घरातला माणूस, आणि अख्खं ऑफिस मला ‘राम’ म्हणतं. आधी दुरुस्त करायचो. मग कंटाळून सोडून दिलं.

रिंकवरचा बर्फ म्हणजे लादी नव्हे. खाली काँक्रीट, त्यात पाइप, पाइपांत शून्य अंशाच्या खाली नेलेलं खारं पाणी. त्या काँक्रीटवर आम्ही पाणी फवारतो. पातळसा थर गोठला की पुढचा. मग पांढरा रंग, मग रेषा आणि लोगो, मग पुन्हा स्वच्छ पाण्याचे थर. म्हणजे रंग वर नसतो, बर्फाच्या पोटात असतो. आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. सीझनच्या सुरुवातीला रंगकाम झालं, की शेवटचे थर देण्याआधी टीमच्या जवळच्या माणसांना ब्रश देतात. ते बर्फावर आपल्या माणसाचं नाव लिहितात. वरून पाणी फवारलं की ते नाव सीझनभर तिथं राहतं.

यंदा मार्केटिंगनं पहिल्या होम मॅचला ‘हीरोज नाइट’ ठरवली होती. कारण होतं टीमचा दुसऱ्या महायुद्धातला सीझन. तेव्हा टीममधले बहुतेक धडधाकट खेळाडू फौजेत गेले. लीग मात्र बंद पडली नाही. निवृत्त झालेले, मिसरूड न फुटलेले, फौजेनं नापास केलेले, असे मिळतील ते गोळा करून टीम उभी केली. गोलकीपर नेव्हीत गेल्यावर गोलमध्ये उभं राहायला कुणीच उरलं नाही. तेव्हा तळघरात बर्फ गोठवणारा कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्या माणसाला वर बोलावलं. तो वॉल्टर. म्हणजे आज मी ज्या प्लँट रूममध्ये बसतो, तिथं तेव्हा बसणारा माणूस.

त्या काळी गोलकीपरच्या तोंडावर मास्क नसायचा. समोरून येणारा पक म्हणजे कडक रबराची चकती, दगडासारखी लागते. वॉल्टर ती छातीवर, खांद्यावर, कधी हनुवटीवर झेलायचा. मॅच संपली की टाके घालून घ्यायचा आणि पॅड उतरवून परत खाली कॉम्प्रेसर बघायला जायचा. कारण तिथला दुसरा माणूसही युद्धावर गेला होता.

हे मला कुणी ऑफिसात सांगितलेलं नाही. वॉल्टरच्या मुलीनं सांगितलं. डोरोथीबाई आता नव्वदीला टेकल्यात. दरवर्षी नव्या बर्फाच्या दिवशी त्या लेमन बार्सचा, लिंबाच्या गोड वड्यांचा, डबा घेऊन आमच्या प्लँट रूममध्ये येतात. लहानपणी त्या तिथं उलट्या बादलीवर बसून वडिलांची वाट बघायच्या. मी खुर्ची पुढे करतो, पण त्यांना बादलीच लागते.

यंदा त्या आल्या तेव्हा वरती रिंकवर, युद्धावर गेलेल्या खेळाडूंच्या घरचे लोक नावं लिहीत होते. नातवंडं, पतवंडं, फोटो, हशा. डोरोथीबाई वर गेल्या आणि ब्रॅडच्या ऑफिसातल्या मुलीला विचारलं, “माझ्या डॅडचं नाव लिहू का?”

“सॉरी मॅम, फक्त जे फौजेत सर्व्ह करायला गेले त्यांचीच,” ती म्हणाली. तिचा दोष नव्हता, तिला तसंच सांगितलेलं होतं.

बाईंनी मान हलवली. वाद घातला नाही. डब्याचं झाकण उगाच पुन्हा दाबून बसवलं. ते मला बघवेना. मी ब्रश उचलला, त्यांचा हात धरला आणि गोलपर्यंत घेऊन गेलो. “इथंच लिहा,” म्हटलं. “ते उभे राहायचे तिथं.” त्यांनी लिहिलं. मी स्वतः वरून थर दिले.

मॅचच्या आदल्या दिवशी ब्रॅडला ते दिसलं.

“वॉल्टर युद्धावर गेला नव्हता,” तो म्हणाला.

“त्याला घेतलं नाही. कॉम्प्रेसरशेजारी राहून एक कान गेला होता. भरतीला स्वतःहून गेला होता तो.”

“असेल. पण हे लोकांना समजावत कोण बसणार? स्पॉन्सरला स्टोरी क्लीन हवीय. घरी राहिलेल्याला हीरो म्हटलं तर कुणीतरी बोंब मारेल.”

“तो घरी राहिला म्हणून तुमचा सीझन झाला. गोलमध्ये कोण, तुमचा स्पॉन्सर उभा राहिला असता?”

ब्रॅड हसला. ज्या हसण्यावर माणसाला काही बोलताही येत नाही, तसं. “राम, ब्रँडिंग माझ्याकडे सोड. तू फक्त थंड ठेवायचं बघ.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आधी कामाचं बोललो. “नाव खोल आहे. वरून पॅच मारलास तर तो पार पृष्ठभागाशी बसेल आणि त्याच्यावर बर्फ पापुद्र्याएवढा राहील. गोलकीपर प्रत्येक पिरियडच्या आधी नेमकी तीच जागा स्केटच्या ब्लेडनं खरवडतो. बर्फ जरा खरखरीत केला की त्याचा पाय घसरत नाही. सगळे गोलकीपर करतात. तुझा पॅच खपलीसारखा निघेल. चालू मॅचमध्ये. कुणाचा तरी गुडघा जाईल.”

“मग नीट कर.”

“नीट करायचं तर तिथला बर्फ नावापर्यंत तासावा लागेल. मग रंग, मग परत एकेक थर. उद्यापर्यंत होत नाही.”

“मग पॅचच मार.”

“मी मारणार नाही.”

“ओके. टोनी मारेल.”

टोनी माझा असिस्टंट. नोकरी नवी, नाही म्हणायची सोय नाही. माझ्याकडे न बघता तो रोलर घेऊन गेला. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. तरी चिडलो.

घरी येऊन मी दारापासूनच बडबडायला लागलो. वैशालीनं, माझ्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. “हे बघ, रिझाइन वगैरे करू नकोस हं, प्लीज. पण पंगा घेतलाच आहेस तर आधी डोरोथीला फोन कर. तिला तिथं येऊन कळायला नको.”

“काय सांगू? तुमच्या वडिलांवर रोलर फिरवला म्हणून?”

“ही इज राइट टू बी मॅड, आई,” मुलगी सोफ्यावरून म्हणाली.

“मॅड होऊ दे. फोन करून मग मॅड हो म्हणावं.”

फोन केला. जे झालं ते सांगितलं. डोरोथीबाई म्हणाल्या, “तेव्हाही असंच होतं. मी मॅचला जायचे ना, तर मागचे लोक ओरडायचे. भित्रा. घरकोंबडा. पोरं मरतायत आणि हा खेळतोय. आई रडायची. डॅड तिला सांगायचे, मी माझा बहिरा कान त्यांच्याकडे करून उभा राहतो, मला काही ऐकू येत नाही. मला ते खरं वाटायचं.”

“उद्या येणार आहात?”

“तिकीट काढलंय. जाळीच्या मागंच.”

मॅचच्या दिवशी समारंभ झकास झाला. दिवे मंद, संगीत, मोठ्या पडद्यावर एकेक नाव. ती नावं मोठीच होती, त्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं. भांडण होतं त्या निळ्या ठिगळाशी. मी बर्फाचा ओला चुरा भरलेली बादली घेऊन रिंकच्या फाटकाशी उभा राहिलो. असा चुरा खड्ड्यात दाबायचा, वर पाणी सोडायचं आणि गॅसचा थंड फवारा मारून गोठवायचं, ही आमची चालू मॅचमधली मलमपट्टी. रेफरीला आधीच सांगून ठेवलं होतं, त्या जागेवर लक्ष ठेवा म्हणून.

मॅचच्या तीन पिरियडांपैकी पहिला निभावला. दुसऱ्या पिरियडला टीम बाजू बदलतात. पाहुण्यांचा गोलकीपर त्या जाळीत आला. धिप्पाड गडी. त्यानं वखर चालवल्यासारखा बर्फ खरवडला. मी दात आवळून बघत होतो. थोड्या वेळानं आमचे खेळाडू चाल करून गेले, तो आडवा सरकला आणि त्याच्या ब्लेडखाली ताटाएवढी निळी खपली सुटली. तो दाणकन पडला. जिंकण्याबिंकण्याचं काही मनात नव्हतं, पोरगा उठतोय का तेवढंच बघत होतो.

तो उठला. खाली बघितलं आणि हात वर केला. शिट्टी झाली.

मी आणि टोनी बादली घेऊन धावलो. कानातल्या रेडिओवर ब्रॅड ओरडत होता. “निळा रंग घेऊन जा! राम! रंग!”

“चालू मॅचमध्ये रंग धरत नाही,” मी म्हटलं. “चुरा आणि पाणी.”

“मग उरलेल्याला तरी हात लावू नकोस!”

“अर्धी खपली ठेवली तर पुढच्याचा पाय अडकेल. सगळी काढायला लागते.”

यात एक शब्द खोटा नव्हता. मी स्क्रेपर लावला. टोनी दुसऱ्या बाजूनं बसला. या वेळी तो माझ्याकडे बघत होता. ठिगळ कडेकडेनं सुटत गेलं आणि खालून एकेक अक्षर वर आलं. छताला लावलेला कॅमेरा नेमका आमच्यावर होता. मोठ्या पडद्यावर थरथरत्या अक्षरांत ‘वॉल्टर’ दिसलं. मी चुऱ्यानं फक्त कडा भरल्या, नावावर स्वच्छ पाणी सोडलं आणि गोठवलं. रिंकभोवतीच्या काचेपलीकडे डोरोथीबाई उभ्या होत्या. दोन्ही तळवे काचेला टेकलेले.

मॅच संपल्यावर कॉरिडॉरमध्ये ब्रॅड टीव्हीवाल्यांशी बोलत होता. “वॉल्टरचं नाव हळूहळू उलगडावं अशीच आमची कल्पना होती,” तो सांगत होता. मी रिकामी बादली घेऊन जात होतो. त्यानं मला बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “आणि हा आमचा राम.”

“रामटेके,” मी म्हटलं.

“सॉरी?”

“रामटेके. पूर्ण म्हण. आणि कल्पना नव्हती, पॅच निघाला. तो मारू नकोस म्हणून मी काल सांगितलं होतं.”

टीव्हीवर ते दाखवलं नाही. पुढच्या आठवड्यात मला एचआरनं बोलावून ‘टोन’ सांभाळायला सांगितलं. पॅच कुणी मारायला लावला, हे कुणी विचारलं नाही. पॅच मात्र परत कुणी मारला नाही.

मॅचच्या त्याच संध्याकाळी मी खाली प्लँट रूममध्ये गेलो तर डोरोथीबाई आल्या होत्या. मी बादली उलटी करून दिली. त्या बसल्या. कॉम्प्रेसरची घरघर चालू होती. मी विचारलं, “नाव दिसल्यावर मागून कुणी काही बोललं?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “मी दोन्ही कानांनी ऐकत होते.”

टोनीला मी अजूनही काम शिकवतो. सगळ्यात आधी हे शिकवलं, की बर्फाच्या पोटात असलेल्या नावावर घाईनं रंग मारायचा नाही. धरत नाही.