पिवळा गोंद

फळीवर विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवण्यात थोरल्याचा हात धरणारा कुणी नाही, हे सगळा कारखाना मान्य करायचा. अडचण एवढीच की हल्ली गिऱ्हाइकं धाकट्याला विचारत यायची. धाकटा म्हणजे सख्खा भाऊ, ह्याच्याच हाताखाली रंधा धरायला शिकलेला. हसरा, गोडबोल्या. बारा माणसांच्या अक्रोडी टेबलाचं काम त्याच्या पदरात पडलं, तेव्हा थोरल्याच्या पोटात जे दुखलं त्याला बाजारात औषध नव्हतं. "काय बिनसलंय?" म्हणून बायकोने विचारलं, तर म्हणे ऊन लागलं. कसलं ऊन! जळफळाट होता नुसता.

धाकट्याने टेबलासाठी पिवळा रबरी गोंद काढला. फळीला आणि विनियरला दोन्हींना फासायचा, बोटाला चिकटेनासा झाला की एकावर एक दाबायचं, काम फत्ते. पांढऱ्या गोंदाला तासन्‌तास दाबाखाली ठेवावं लागतं, तेवढा धीर त्याला कुठला? पण टेबलावर थिनरचं पॉलिश चढणार होतं. पातळ विनियरमधून थिनर आत झिरपतो, रबरी गोंद सैल करतो आणि वर फोड येतात. थोरल्याने हे झोपेतही सांगितलं असतं.

"दादा, बरोबर चाललंय ना?" धाकट्याने विचारलं.

थोरल्याने डब्याकडे पाहिलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. मग वाटलं, होऊ दे फजिती, कळू दे लोकांना खरा कारागीर कोण ते. "चालू दे," म्हणाला आणि चहाला निघून गेला. तो चहा त्याला भलताच गोड लागला.

पॉलिशनंतर तिसऱ्या दिवशी टेबलाच्या अंगभर फोड उठले. मालकांनी धाकट्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. थोरला दारात हाताची घडी घालून उभा होता, मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"अरे, दादांना तरी विचारायचंस!" मालक ओरडले.

"विचारलं होतं." धाकटा म्हणाला. "दादाला कळलं असतं तर तो गप्प बसला असता का? त्याच्याही लक्षात आलं नाही. वय झालंय त्याचं. त्याला काही बोलू नका, काय ते मला बोला."

सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. कळलं होतं म्हणावं तर भावाचा घात केला, नव्हतं म्हणावं तर तीस वर्षांचं नाव पाण्यात.

"हल्ली... लक्षात राहत नाही," थोरला पुटपुटला.

मालकांचा आवाज एकदम मऊ झाला. "असू द्या, दादा. उद्यापासून तुम्ही घासकामाला बसा. गोंदाचं आम्ही बघू."

धाकट्याने मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला.