ट्रंकेतला पाय

त्या दवाखान्यात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, पाय तयार करणारे मिस्त्री आहेत. पण दारातून आत येणारा माणूस आधी विचारतो ते चालवणाऱ्या बाईंना. दवाखाना दुसरेच लोक चालवतात. या बाई माणसांना चालवतात. अपघातात, आजारात पाय गमावलेल्यांना नवा पाय बसवला की त्यांना त्यावर उभं करायचं आणि चालायला लावायचं, हे बाईंचं काम.

दवाखान्याच्या मागे एक लांबट शेड आहे. पूर्वी तिथे लाकडाची वखार होती. आता एका टोकाला मिस्त्रींची करवत चालते आणि दुसऱ्या टोकाला कमरेइतक्या उंचीवर दोन लोखंडी पाइप समोरासमोर बसवलेत. पाइपांच्या शेवटी भिंतीवर उभा आरसा. नव्या पायाचा माणूस दोन्ही पाइप गच्च धरून उभा असतो, आणि बाई आरशाकडे पाठ करून त्याच्याशी भांडत असतात.

"सोडा की ते पाइप. ते काही पळून जात नाहीत."

"पडलो म्हणजे?"

"पडलात तर जमिनीवरच पडाल. त्याच्या खाली जागा नाही."

माणूस चिडतो, आणि उलट उत्तर द्यायच्या नादात एक पाऊल टाकून बसतो. बाईंच्या शिकवण्यातलं सगळं शास्त्र एवढंच. त्यांचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली याच शेडमध्ये तयार झालेला आहे, हे त्या माणसाला घरी जायच्या दिवशी कळतं. आधी सांगितलं की लोक स्वतःचं चालणं सोडून माझ्याच पायाकडे बघत बसतात, असं त्यांचं म्हणणं.

जगाची रीत गरज सरो वैद्य मरो अशी. बाईंचं उलटं. ज्यांनी ज्यांनी या कामाला हात लावला त्यांची नावं, गुण, आवडीनिवडी त्यांना तोंडपाठ आहेत, आणि कुणी विचारो न विचारो, त्या सांगतात. वखार देणारा लाकूडवाला. जुनी बस देणारा बसवाला. ती चढावर रडते, पण दिली ना. उरलेल्या पायावर चढवायचे सुती मोजे घरी विणून पाठवणारी एक आजी, जिला बाईंनी कधी पाहिलेलंही नाही. ऐकणारा कंटाळला तर बाई म्हणतात, "ऐकून घ्या. फुकट मिळालंय म्हणजे आभाळातून पडलेलं नाही." ही कृतज्ञता त्यांच्यात आली कुठून, ते सांगायचं तर त्यांच्या पायापासूनच सुरुवात करायला हवी.

तेव्हा त्यांना बाई कुणी म्हणत नव्हतं. ती कुणाची तरी सून होती, आणि नुकतीच एका मुलीची आई झाली होती. मुलगी अजून रांगायलाही लागली नव्हती. घर मोठ्या रस्त्यापासून आत. छपराचा गंजका पत्रा वाऱ्याने खाली आला आणि तिच्या पावलाला लागला. एवढ्या तेवढ्याला कोण दवाखाना गाठतो? तिने चिंधी बांधली आणि कामाला लागली. पाय सुजला तेव्हा गावाला येणारी नर्स रजेवर होती. ताप चढला तेव्हा गाडी मिळेना. गाडी मिळाली ती अर्ध्या वाटेपर्यंतचीच. एक गाडी सोडून दुसरी, दुसरी सोडून तिसरी करत मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत पाऊल काळं पडलं होतं. पाय वाचवायचा की बाई, असा प्रश्न आला. घरच्यांनी बाई वाचवली.

नवऱ्याने कुबड्या करून घेतल्या. ती चिवट होती. थोड्याच दिवसांत कुबड्यांवर अंगणभर फिरू लागली. चूल बसून करता येते, भांडी बसून घासता येतात. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. कुबडीवरच्या माणसाचे दोन्ही हात कुबडीला लागतात, आणि मूल उचलायला हात हवेत. मुलगी त्या कोपऱ्यात रडायची, ही या कोपऱ्यातून तिला नुसती हाका मारायची. मग हातातलं काम टाकून सासू यायची, मुलीला उचलायची आणि तिच्या मांडीवर आणून ठेवायची. सासूने एका शब्दाने कधी कुरकुर केली नाही. पण आपलं मूल आपल्याला दुसऱ्याने आणून द्यावं लागतं, हे तिच्या जिवाला लागलं. तिला काही जग जिंकायचं नव्हतं. रडणाऱ्या पोरीला उचलून कडेवर घ्यावं आणि खोलीतून अंगणात, अंगणातून खोलीत हिंडवावं, एवढंच हवं होतं.

आणि एक दिवस बाजाराच्या गावात कर्णा लावलेली बस आली. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरबाईंनी चार माणसं जमवून ट्रस्ट काढला होता. गावोगाव जाऊन मापं घ्यायची, शेडमध्ये पाय करायचे आणि फुकट द्यायचे. सासूचा विश्वास बसला नाही. "फुकटच्या पायात काहीतरी खोट असणार," ती म्हणाली. म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन सगळ्यांच्या आधी शाळेच्या ओसरीवर जाऊन बसली.

प्लास्टरचा साचा घेतला गेला. पुढे शेडमध्ये बोलावणं आलं. पाय मिस्त्रींनी केला होता. हे मिस्त्री आधी श्रीमंतांच्या घरची कपाटं करत. पॉलिशचा त्यांना भारी अभिमान, आणि पाय झाला म्हणून तो कमी कशाला होईल? तिच्या चांगल्या पायाशेजारी रंगाचे डबे मांडून त्यांनी कातडीचा रंग जुळवला. बोटं कोरली, बोटांना नखं कोरली. सासूने पाय हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "हिच्या खऱ्यापेक्षा हाच चांगला झालाय." ते खरंच होतं. खऱ्या पायाच्या टाचेला भेगा होत्या.

शेडमध्ये ती पाइप धरून चालली, मग पाइप सोडून चालली. डॉक्टरबाईंचा निरोप घेताना ती नुसती रडली. पाय घेऊन दोघी घरी आल्या. आणि घरी आल्यावर सासूने हात धुतले, पाय जुन्या मऊ कापडात गुंडाळला आणि ट्रंकेत, ठेवणीतल्या कपड्यांच्या मध्ये, नीट ठेवून दिला.

"रोज वापरलास तर झिजेल," सासू म्हणाली. "देणाऱ्याने एकदा दिला. झिजवून टाकून पुन्हा कोणत्या तोंडाने मागायचा?"

यात सासूचा जाच वगैरे काही नव्हता, कारण सुनेलाही ते अगदी पटलं. गरिबाच्या घरात नवी बादली आणली तरी जुनी गळेपर्यंत ती खाटेखालीच राहते. चांगली वस्तू जपायची असते. त्यातून ही तर आपल्या कुणीही न लागणाऱ्या माणसाने दिलेली. ती रोजच्या धुळीत घालणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. तेव्हा पाय लग्नकार्याला बाहेर निघे, माहेरी जाताना निघे, आणि शेजारणी बघायला आल्या की ट्रंकेचं झाकण उघडून दाखवला जाई. घरात पाय आणि सून कुबडीवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आणखी वेगळा कसा असतो? मुलगी रांगायला लागली, धरून उभी राहू लागली, आणि तरी तिला उचलून आणायला सासूच धावत होती.

पुढे एका लग्नाला निघताना पाय आत जाईना. ओढूनताणून चढवला तर मांडवात उभं राहवेना. त्यानंतरच्या खेपेला कातडीच सोलली. तिने कुणाला सांगितलं नाही. आणि तशात निरोप आला, की बस पुन्हा येतेय, दिलेले सगळे पाय तपासणार आहेत.

 हिला पाय होत नाही असं दिसलं की ते तो काढून घेणार आणि ज्याला होईल त्याला देणार, हे तिने मनाशी धरलंच. सासूने मात्र पायाला तेलाचा हात लावून तो लखलखीत केला.

शाळेच्या ओसरीवर बघते तर रांगेतल्या निम्म्या लोकांच्या काखेत गाठोडी. कुणी टॉवेलात गुंडाळून, कुणी पिशवीत घालून, सगळे आपापले पाय घेऊन कुबड्यांवर आले होते. ट्रस्टचे एक गृहस्थ त्या दिवशी मुद्दाम आले होते. एकेक गाठोडं सुटू लागलं तसे ते हरखून गेले. "वा वा, इतक्या दिवसांनी नवेकोरे! काय टिकाऊ काम आहे!" मिस्त्रींची छाती फुगली.

 डॉक्टरबाईंनी तिचा पाय घेतला, उलटा केला आणि तळवा पाहिला. मग तिचे हात हातात घेऊन कुबड्यांनी पडलेले घट्टे पाहिले.

"हा घालतेस कधी?"

उत्तर सासूने दिलं, आणि अभिमानाने दिलं. "वाया नाही घालवत हो डॉक्टरबाई. ट्रंकेत असतो."

 गृहस्थ आकाशाकडे बघू लागले. डॉक्टरबाईंनी पाय चढवून पाहिला. तो अर्ध्यावर अडला. उरलेला पाय रोज आत बसला नाही की सुजून जाड होतो, एवढं त्यांनी समजावून सांगितलं. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. जमिनीकडे बघत ती म्हणाली, "परत नका घेऊ."

डॉक्टरबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. "परत घेऊन करू काय मी? तुझ्या मापाचा आहे. दुसऱ्या कुणाला बसायचा नाही."

हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुढची काळजी उभी राहिली. "पण झिजला तर?"

"झिजला तर दुसरा. आम्ही बस घेऊन हिंडतो कशाला? झिजवून आणलास तर मी या ओसरीवर नाचेन."

ती हसली. सासू हसली नाही. मोठी माणसं गोड बोलतात, ते ऐकून घ्यायचं असतं, वस्तू मात्र आपण जपायची असते, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आणि डॉक्टरबाईंना चेहरा वाचता येत होता. त्या उठल्या.

"मिस्त्री, कानस द्या."

मिस्त्रींनी सवयीने कानस दिली. डॉक्टरबाईंनी पाय मांडीवर घेतला आणि गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत त्या लखलखीत पॉलिशवर एक लांबलचक ओरखडा ओढला.

 मिस्त्रींचा चेहरा बघवत नव्हता. डॉक्टरबाईंनी कानस त्यांच्यापुढे धरली. "आता अंगठ्यावर तुम्ही."

"माझ्याने नाही व्हायचं."

"तुमचं काम बघायला सुंदर आहे, म्हणूनच ते ट्रंकेत जातंय मिस्त्री. करा."

मिस्त्रींनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि कसाबसा एक टवका उडवला. सासूने पाय ओढून घेतला. ओरखड्यावरून अंगठा फिरवला, टवक्यावरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग एक सुस्कारा सोडून म्हणाली, "गेला. आता हा रोजच्यालाच होणार."

त्या दिवशी ओसरीवरचं एकेक गाठोडं सुटलं आणि एकेका पायावर कानस फिरली. शेवटी शेवटी मिस्त्रींचाही त्यात हात बसला. त्या शेडमधून आजही बिनओरखड्याचा पाय बाहेर पडत नाही. तिला तर पुढे डॉक्टरबाईंनी लोकांना चालवायच्या कामालाच बोलावून घेतलं, कारण दोन धड पायांच्या माणसाचं लोक ऐकत नाहीत. पण ते सगळं नंतरचं. आधी पायाला पट्ट्या बांधून सूज उतरवावी लागली, मिस्त्रींनी पायाचा वरचा भाग आतून घासून नव्याने बसवून दिला, आणि मग घरी सासूच रोज सकाळी पाय तिच्यापुढे आणून ठेवू लागली, "घाल, लोळत पडलाय नुसता," असं म्हणत.

घरी पहिल्यांदा कुबड्यांशिवाय ती अंगणात आली तेव्हा मुलगी भिंतीपाशी मातीत बसली होती. आता ती रांगणारी राहिली नव्हती. धावायची, पडायची, उठायची. नुकतीच पडली होती आणि रडावं की नाही या विचारात होती. आईला बघून तिने रडायचं ठरवलं.

ती चालत भिंतीपाशी गेली. चांगला पाय पुढे घेऊन वाकली, आणि पोरीला उचलून कडेवर घेतलं. पोर चांगलीच जड झाली होती. ती वळली आणि घराकडे चालू लागली. चार पावलांत मुलीचं रडणं थांबलं, आणि तिने अंग सोडवायला सुरुवात केली. "मला खाली सोड. मी चालते."

"तू रोजच चालतेस," ती म्हणाली, आणि सोडलं नाही.

सासू दारात बसून हे बघत होती. दोघी जवळ आल्या तशी ती उठली आणि सवयीने तिने दोन्ही हात पुढे केले. "दे इकडे."

"असू द्या आई," ती म्हणाली. "हात मोकळे आहेत माझे."

सासूने हात मागे घेतले. ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना. मग तिने वाटेतलं स्टूल उचललं आणि बाजूला ठेवलं.