उपटलेलं ऑर्किड

डोळ्याची पट्टी निघाली आणि रंगारी घरी आला, तेव्हा दारातच थबकला.

"दार निळं कधी केलं?" त्याने बायकोला विचारलं.

"पाच वर्षं झाली. रंगवलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, राखाडी शोभतोय. म्हटलं, कशाला वाद."

ती चपला काढून आत गेली. तो बाहेरच उभा राहिला. मोतीबिंदू काढलेला डोळा हाताने झाकला. दार राखाडी. मग दुसरा झाकला. दार निळं. त्याला गच्चीवरची ऑर्किडं आठवली.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्याने छत्तीस वर्षं छटा जुळवल्या होत्या. नमुना उत्तरेच्या खिडकीशी धरायचा, एकदाच बघायचं, आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. विचारलं की नजर ढळते, असं तो नव्या माणसांना बजावायचा. बाजारातली निळी ऑर्किडं म्हणजे पांढऱ्या फुलाच्या दांड्यात टोचलेला रंग, हे कळलं त्या दिवशी तो जेवला नव्हता. अस्सल निळं फूल आपण उमलवायचं, हे खूळ तेव्हापासूनचं. त्याने गच्चीवर काचेची खोली बांधली. बायको त्या खोलीला सवत म्हणायची.

बी पेरल्यापासून फूल यायला सहा वर्षं. जागा कमी, म्हणून नियम कडक. पहिलं फूल निळ्याच्या जवळपासही नसलं की रोप त्याच दिवशी उपटायचं. कुंडीत खोचलेल्या पट्टीवर रोपाचं कुळ, म्हणजे ते कोणत्या जोडीच्या बियाचं, हे पेन्सिलीने लिहिलेलं असे. ते पुसून पट्टी पुढच्या रोपाला लावायची.

तो जिना चढला. निळ्याच्या जवळची म्हणून जपलेली बत्तीस रोपं फुलांवर होती. सगळी जांभळी. वांग्यासारखी, सरळसरळ जांभळी.

मग त्याला चार वर्षांपूर्वीचं एक फूल आठवलं. मळकट, राखाडी. दाराच्या रंगाचं.

त्या दिवशी बायको वाळलेले कपडे काढायला वर आली होती. काचेतून डोकावून म्हणाली होती, "निळंय की हो हे." तो हसला होता. राखाडी आहे, आधी स्वतःचे डोळे तपासून घे, असं तिला म्हणाला होता. आणि तिच्यादेखत रोप उपटून खताच्या खड्ड्यात टाकलं होतं.

आता त्याने सगळ्या पट्ट्या काढून जमिनीवर मांडल्या. एकेक उजेडात तिरकी धरून पुसलेल्या अक्षरांचे वळ शोधू लागला. प्रत्येकीवर तीन-चार रोपं लिहून पुसलेली. एकाचं अक्षर दुसऱ्यात घुसलेलं. ते रोप कोणत्या जोडीचं होतं, याचा काही केल्या पत्ता लागेना. जोडी कळली असती तर तेच बी पुन्हा धरता आलं असतं. एकदाच. तो एकाहत्तर वर्षांचा होता.

चार वाजता बायको डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन वर आली. पट्ट्यांच्या पसाऱ्यातून एका पायाने वाट करत जवळ आली. त्याने मान मागे टाकली.

"ते फूल," तो म्हणाला. "तू निळं म्हणाली होतीस ते. खरंच निळं होतं?"

रंगाबाबत त्याने आजवर कुणाचं मत विचारलं नव्हतं. तिने हो म्हणावं की नाही म्हणावं, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

तिने थेंब सोडला. बाटलीचं झाकण लावता लावता ती बराच वेळ आठवत राहिली.

"तुम्ही राखाडी म्हणालात ना," ती म्हणाली, "मग मीही तसंच लक्षात ठेवलं हो. आता आठवायला गेलं की राखाडीच दिसतं."

त्याने हातातली पट्टी खाली ठेवली.

"मिटा आता," ती म्हणाली. "पाच मिनिटं उघडायचा नाही."

त्याने नवा डोळा मिटला. जुन्या डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला.