दोन डाव्या बाजूंचं जहाज

आमच्या गच्चीवरच्या खोलीतला भुसा मी रोज संध्याकाळी झाडते आणि दुसऱ्या दिवशी तो तेवढाच असतो. तिथल्या किश्शांचंही तसंच. एक सांगून संपवावा, तर कोपऱ्यात दुसरा दिसतो. आज सुपलीत येतील तेवढे सांगते.

खोली म्हणजे पुनावळ्यातल्या आमच्या बिल्डिंगची, पाण्याच्या टाकीशेजारची. तिथे आम्ही तिघं मालवाहू जहाजं बनवतो. खेळण्यातली नव्हे, खऱ्या जहाजाची हुबेहूब, लहान मापातली. मी, पहिल्या मजल्यावरचे तात्या, आणि माझ्या समोर भाड्याने राहणारी, हिंजवडीला नोकरी करणारी ऋचा. माझा मुलगा ओंकार अशाच एका जहाजावर इंजिनिअर आहे. तो पहिल्यांदा गेला तेव्हा मी सोळा सोमवार धरले आणि त्याचं जहाज करायला घेतलं. सोमवार पूर्ण झाले, उद्यापनाला दांपत्य जेवून गेलं. जहाज अजून चालू आहे. या दिवाळीला तो घरी येणार आहे, तेव्हा त्याच्यासमोर ते पुरं उभं असायला हवं, एवढंच माझं मागणं.

*

आमचा नियम एकच. तयार भाग विकत आणायचा नाही. चाकणच्या कंपन्यांतून निघालेल्या मोडक्या पॅलेटच्या फळ्या म्हणजे जहाजाचं अंग, खराट्याच्या काड्या म्हणजे कठडे. मी तर याला व्रतच म्हणते.

ऋचाने एकदा गुपचूप ऑनलाइन तयार नांगर मागवला. ती ऑफिसला गेलेली, म्हणून वॉचमनने पार्सल माझ्याकडे दिलं. संध्याकाळी मी ते तिच्यासमोर ठेवलं.

"काकू, एवढासा तर आहे. एवढ्याने काय उपास मोडतो?"

"मोडत नाही गं," मी म्हटलं, "फक्त पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो."

तिने तो नांगर स्कूटीच्या किल्लीला अडकवला आणि केसांच्या पिना वाकवून नवा केला. ओंकारला फोटो पाठवला, तर म्हणतो कसा, "आई, आमचाही असाच वाकडा आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

*

माझी नणंद थेरगावला असते. एकदा हौसेने गच्चीवर आली. मी तेव्हा जहाजाला गंज लावत होते. तुळशीवृंदावनाला लावून उरलेला गेरू, त्यात चहाचं पाणी. कापसाने टिपलं की अस्सल गंज.

"वहिनी, नवीन करताय तर गंजकं कशाला?"

"वन्स, बिनगंजाचं जहाज फक्त कॅलेंडरवर असतं. हे कामाचं आहे."

त्यांना ते पटलं नाही. जाताना दारात थांबून हळूच म्हणाल्या, "आणि एक सांगू? आपल्या घरात जहाज चांगलं नसतं म्हणे. घर बुडतं."

मी त्यांना कुंकू लावलं आणि म्हटलं, "बुडायची भीती ज्यांच्याकडे जहाज नाही त्यांना."

*

जहाजावर भगव्या रंगाच्या बंद लाइफबोटी असतात, दिसायला थेट कॅप्सूलसारख्या. म्हणून तात्यांनी स्वतःच्या औषधाच्या कॅप्सूल रिकाम्या करून आणल्या. इतक्या शोभल्या की आम्ही पेढे वाटले. पण श्रावणाच्या दमट हवेत त्या विरघळून चिकट झाल्या. जहाज जागच्या जागी, लाइफबोटीच बुडाल्या.

दुसऱ्या दिवशी तात्या नवं पाकीट घेऊन हजर. आता मात्र मी रागावले. "तात्या, डॉक्टरांनी जीव वाचवायला दिल्यात ना या?"

"व्हय की," तात्या म्हणाले, "मग माझा एकल्याचा वाचवायचा, का सगळ्या जहाजाचा?"

पुढच्या लाइफबोटी मी मेणाच्या केल्या, आणि तात्यांच्या गोळ्या त्यांच्या सूनबाईंच्या ताब्यात दिल्या.

*

आता आमची सर्वांत मोठी चूक. जहाज सहा फुटी. वेळ वाचावा म्हणून ठरलं की एक बाजू तात्यांनी त्यांच्या गॅलरीत करायची, दुसरी ऋचाने तिच्याकडे, आणि गच्चीवर आणून मधोमध जोडायची. ओंकारने पाठवलेला फोटो दोघांच्या मोबाइलवर होता. दोघांनी जीव ओतून काम केलं. रविवारी दोन्ही बाजू आणल्या, समोरासमोर धरल्या. जुळेनात. एकीचं नाक पूर्वेला, तर दुसरीचं पश्चिमेला.

"ऋचा, तू डावी केलीस?"

"हो. तात्या उजवी करणार होते ना?"

"फोटूत जी दिसली ती केली म्या," तात्या म्हणाले. "दुसरी दिसलीच न्हाई."

ऋचाच्या फोटोतही तीच दिसत होती. एकाच पायाच्या दोन चपलांसारख्या त्या डाव्या बाजू भिंतीला टेकून उभ्या. मग मीच म्हटलं, "आता दोन उजव्या करू. दोन जहाजं होतील."

*

ही बातमी सोसायटीच्या चेअरमनसाहेबांपर्यंत पोचली. ते तडक वर आले.

"काकू, एकाला जागा नव्हती तर तुम्ही दोन केलीत? या खोलीत आपण जिम करतोय. घटस्थापनेच्या आत खोली रिकामी हवी. नाहीतर मी भंगारवाला बोलावणार."

सहा फुटी जहाज टू बीएचकेत कुठे ठेवू? मी काकुळतीने सांगितलं, दिवाळीपर्यंत थांबा. ते घड्याळ बघत होते.

तात्या हातातली कानस खाली न ठेवता म्हणाले, "सायेब, ही बिल्डिंग उभी हाय तितं माजं भुईमुगाचं वावर व्हतं. म्या कवा कुनाला खाली करा म्हनलो न्हाई."

"ते तेव्हाचं, तात्या. आता कमिटी आहे."

*

घटस्थापनेला मी सकाळी लवकर नाहून वर गेले आणि घट त्या खोलीतच बसवला. परडीत माती, सप्तधान्य, वर मडकं, शेजारी अखंड दिवा, एका बाजूला एक जहाज, दुसऱ्या बाजूला दुसरं. माझे दिवस जिथे जातात तिथेच देवीने बसावं, असं मला मनापासून वाटलं. आणि बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. ऋचाने दिव्याजवळ नको म्हणून थिनर आणि रंग तात्यांच्या गॅलरीत नेऊन ठेवले. त्यामुळे नवरात्रभर नुसतं घासकाम.

बिल्डिंगमधल्या बायका दर्शनाला येऊ लागल्या. ओटी भरायची, जहाजाभोवती एक चक्कर मारायची, "यात माणसं कुठे झोपतात?" विचारायचं. आमचं घासकाम बघून एखादी पॉलिश पेपर हातात घ्यायचीच.

तिसऱ्या माळेला चेअरमनसाहेब नवं कोरं कुलूप घेऊन आले. चपला काढून दारातच थांबले. आत त्यांच्या आई मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर जहाजाच्या गोदामाचं झाकण, हातात पॉलिश पेपर, चष्म्यावर भुसा.

"आई? तू इथे?"

"कालपण होते," त्या मान वर न करता म्हणाल्या. "हातात काय आहे? बघू."

त्यांनी कुलूप दिलं. आईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, त्यांच्या हातांचा त्यावर लागलेला भुसा फुंकला आणि परत केलं.

"हे बाहेरून लावायचं आहे रे. बदलून घे. आतून लावायची कडी आण."