मिठाच्या गादीचं शेवटचं प्रकरण

तुर्भे नाका मागे पडला तेव्हा बतूलने चप्पल काढून हातात घेतली. चपलेचा अंगठा तुटला होता. रिक्षा-बसचा संप, त्यात लोकलही बंद, आणि आम्हाला सानपाड्याहून कोपरखैरण्याला हेडबाईंच्या घरी पोचायचं होतं.

"स्मिताताई, तुमची संकष्टी. तुमी उगाच आलात."

"गप चाल. उपास पोटाला असतो, पायांना नाही."

बतूल आमच्या शाळेत इतिहास शिकवायची, मी शिवण. ती मूळची उरणकडची, वडील खलीलभाईंचा बर्फाचा धंदा. घरात सात माणसं, त्यामुळे ती ऑफ तासाला स्टाफरूममध्येच लिहायची, परीक्षेतून उरलेल्या कोऱ्या पुरवण्यांवर. चार वर्षं एकच कादंबरी, वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी. त्यातल्या राज्याची गादी मिठाची. बसणारा खोटं बोलला की ती विरघळायला लागते. सोळा वर्षांची राजकन्या कस्तुरी बंड करून काकाला गादीवरून उतरवते. मग स्वतः बसायचं की नाही, ते शेवटच्या प्रकरणात.

ते प्रकरण लिहायला तिला आठ महिने लागले होते. आणि शुक्रवारी नववीचे पेपर आवरताना नेमकी तीच पानं कुणाच्या तरी पेपरला दोऱ्याने बांधली गेली. गठ्ठा हेडबाईंनी फेरतपासणीला घरी नेला. दुसरी प्रत नव्हती, आणि मंगळवारी प्रकाशकाला सगळं द्यायचं कबूल केलेलं.

"जास्तीची पानं दिसली की बाई फाडून टाकतात," बतूल म्हणाली. "मला परत नाय लिहिता येणार, ताई. कस्तुरी शेवटी काय बोलली तेच आठवत नाय."

मी मनात गणपतीला सांगत चालले होते, हिची पानं तेवढी सांभाळ.

हेडबाई, म्हणजे प्रेमलाबाई, दार उघडता उघडताच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. ही तुझ्या वर्गातली जाई कोण ग? विचारली फ्रेंच राज्यक्रांती, आणि पोरीने सहा पानं मिठाच्या गादीवर लिहिली."

पानं धड होती. शेवटी लाल शाईत शेरा होता: प्रश्नाला धरून नाही, पण राजकन्या गादी का सोडते ते पटलं. पाचपैकी चार.

बतूल उंबऱ्याजवळ खालीच बसली. हसत होती आणि ओढणीने डोळेही पुसत होती.

"एक मार्क कशाला कापला, बाई?"

"सेनापती एकदम कुठून उगवला? आधी सांगायला नको?"

"आधीच्या अकरा प्रकरणांत आहे ना तो."

प्रेमलाबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे हे तू लिहिलंस? मग ती अकरा आणायला काय झालं होतं?"

त्यांनी मला दूध-केळं दिलं, बतूलला त्यांची जुनी चप्पल दिली. परत निघालो तेव्हा माझ्या जिवात जीव आला होता. बतूल पानं छातीशी धरून चालली होती. महाप्याच्या फाट्याशी ती थांबली.

"ताई, एक मागू? मंगळवारच्या आत हे एवढं प्रकरण तुमच्या हाताने उतरवून घ्याल? ती प्रत तुमच्याकडेच राहू दे. देवघरात ठेवलीत तरी मला चालेल."