डोळे मिटून हात वर

चष्म्याच्या दुकानात दुसऱ्यांची नजर तपासणारी ताई स्वतः मात्र अर्धा वेळ भलतीकडेच पाहत असायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड चौकट चढवायची आणि एकेक काच बदलत विचारायचं, "हे बरं, की हे?" धूसर अक्षरं हळूहळू ठळक होत जातात, तेव्हा माणसाच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं, ते बघताना तिची तंद्री लागायची. मालक काउंटरवरून दोनदा खाकरले की ती जमिनीवर यायची. घरी वहिनीचं वाक्य ठरलेलं होतं, "वन्सं, दूध उतू गेलं. तुम्ही शेजारीच उभ्या होतात." ताई म्हणायची, "हो का?" आणि फडकं शोधायला लागायची.

संध्याकाळी मात्र ती वेगळीच बाई असे. उपासनामंदिरामागच्या खोलीत गायनवृंदाचे पांढरे झगे टांगलेले असत. त्यांच्या खाली एका डुगडुगत्या टेबलावर ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं मासिक आकाराला यायचं. परीक्षेच्या भीतीवर लेख, देवाशी घातलेले वाद, घरच्या आठवणी, झालंच तर वसतिगृहातल्या गरम पाण्याच्या विरहात लिहिलेलं एखादं स्तोत्र. ताई कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आधीच्या संपादकाने ते "चार महिने सांभाळ" म्हणून तिच्या हाती दिलं, आणि तो नोकरीच्या गावी गेला तो गेलाच. पोरं आली, शिकली, पांगली. ताई तिथेच राहिली. तिचं लग्न झालं नाही, याची हळहळ चर्चच्या सगळ्या मंडळीला होती, फक्त तिला नव्हती. नवा अंक नाकाशी धरून शाईचा वास घेतला, की ती भरून पावायची.

पण एकटीने ओढून ओढून किती ओढायचं? म्हणून दरवर्षी कॉलेजं सुरू झाली, की रविवारच्या विद्यार्थी-सभेत ती मदतनीसांसाठी आवाहन करायची. पद्धत जुन्या संपादकाचीच. सगळ्यांनी माना खाली घालायच्या, डोळे मिटायचे. मग ताई हळू आवाजात म्हणायची, "कोणी इकडेतिकडे पाहू नका. ज्यांच्या मनात या कामाची ओढ असेल, त्यांनी फक्त हात वर करा. नंतर आपण बोलू." त्यापुढे तिची प्रार्थना सुरू व्हायची, आणि एकदा सुरू झाली, की ताई त्यात विरघळून जायची. आमेन म्हणून डोळे उघडले, की ती मागच्या खोलीत जाऊन चहाचा थर्मास घेऊन बसायची. तिथे कधीच कोणी आलं नाही. थोडा वेळ वाट पाहून ती एकटीच चहा प्यायची.

यंदा चर्चच्या पाळकसाहेबांनी विषय काढला. ते वयाने ताईपेक्षा बरेच लहान. कधीकाळी याच सभेत मागच्या बाकावर बसणारे विद्यार्थी, आता पांढरी कॉलर लावून परतलेले. मासिक म्हटलं, की त्यांच्या कपाळावर आठी यायची, आणि ती का येते, हे ताईला कळत नसे.

"ताई, विद्यार्थ्यांचं मासिक विद्यार्थ्यांनीच चालवावं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकही जण पुढे येत नाही, म्हणजे त्यांना ते नकोच आहे. या महिन्यात दोघंतिघं मिळाले, तर ठीक. नाहीतर आपण थांबू."

त्या रविवारी ताईने नेहमीपेक्षा कळवळून आवाहन केलं, नेहमीपेक्षा लांब प्रार्थना केली, आणि खोलीत बसून नेहमीसारखाच एकटीने चहा घेतला. वर झगे मंद हलत होते. तिला वाटलं, आजवर या खोलीत न आलेलीच माणसं तिथे बिनडोक्याची टांगली आहेत.

पुढच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी चष्म्याची निखळलेली दांडी घेऊन दुकानात आली. सभेतलीच मुलगी. ताई चिमुकला स्क्रू बसवत होती, आणि मुलगी काउंटरवर नखाने रेघा ओढत होती.

"ताई, एक विचारू? रागावू नका."

"विचार ना."

"माझं लिखाण इतकं वाईट आहे का?"

"कोण म्हणालं तसं?"

"म्हणायला कशाला हवं? मागच्या वर्षी हात वर केला, यंदाही केला. तुम्ही म्हणता नंतर बोलू, आणि बोलतच नाही. माझी मैत्रीणही वाट बघून कंटाळली. मला वाटलं, तुम्हाला आम्ही नको असू."

स्क्रू ताईच्या बोटांतून सुटून कुठेतरी गेला. "अगं, मला काय माहीत?" ती कशीबशी म्हणाली. "माझे डोळे मिटलेले असतात."

हसावं की रडावं, हे मुलीला कळेना.

त्या दुपारी ताईने तीन गिऱ्हाइकांना चुकीचे नंबर लिहून दिले आणि मालकांनी ते निस्तरले. तिच्यासमोर सारखी ती सभा येत होती. खाली घातलेल्या माना, आणि त्यांच्यावर उभे राहिलेले हात. यंदाचे, गेल्या वर्षीचे, त्याच्याही आधीचे. पाण्याखालच्या गवतासारखे ते संथ डोलत होते आणि ती त्यांच्यामधून डोळे मिटून चालली होती. किती जण थांबले असतील, उद्या बोलावतील म्हणून? आणि ती बापडी चहा गार करत, कोणी येत नाही म्हणून देवाकडे गाऱ्हाणं करत होती. तिला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

रविवारी ती उभी राहिली, तेव्हा सवयीने सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"नको," ताई म्हणाली. "आज वर बघा." मग तिने सगळं सांगून टाकलं, काही न लपवता. "तुम्ही हात वर करत होता आणि मी बघतच नव्हते. तुम्ही मला नको होतात, असं कधीच नव्हतं. ज्यांना अजून यावंसं वाटतं, त्यांनी पुन्हा हात वर करा. आज मी बघतेय."

आधी कोणीतरी फिस्सकन हसलं. मग चष्मेवाल्या मुलीचा हात वर गेला, तिच्या मैत्रिणीचा गेला, खिडकीपाशी आणखी एक गेला. ताईच्या पापण्या जुन्या सवयीने खाली येत होत्या, पण ती हट्टाने डोळे ताणून एकेक हात बघत राहिली. मासिक आता बंद पडणार नव्हतं.

तेवढ्यात दाराशी उभ्या पाळकसाहेबांचा हात वर गेला. पुरता नाही, कानापर्यंतच.

"साहेब, तुम्ही कशाला?" ताई हसून म्हणाली. "विद्यार्थी हवेत ना आपल्याला?"

पाळकसाहेबांनी हात खाली घेतला नाही.

"तेव्हा होतो, ताई," ते म्हणाले. "तीन वर्षं केला होता."